'धीराची पोर' म्हणू नका तिला

केळीबागवाला (धागाकर्ता)

रामराम मंडळी. मी रावेर तालुक्यातला. एरवी इथे ठिबक, करपा आणि केळीचा भाव यांपलीकडे काही लिहीत नाही, त्यामुळे हा धागा चुकून टाकला असं काहींना वाटेल. चुकून नाही. चार दिवस लिहू की नको करत होतो. आज पाऊस लागलाय, कटाई बंद आहे, म्हणून बसलो.

माझ्या मुलीला ल्युपस आहे. चौदाव्या वर्षी कळलं. आता बारावीला आहे.

सुरुवात झाली आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, पोरी दिवसभर झोक्यावर. संध्याकाळी हिचे दोन्ही गाल आणि नाकाचा वरचा भाग लालभडक. आमच्याकडचं त्या दिवसांतलं ऊन तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसला टेकतो. सगळे म्हणाले, ऊन लागलं. पन्हं पाजलं, कांदा चोळला. लाली दोन आठवडे उतरली नाही. मग सकाळी बोटं आखडायला लागली, स्वतःची वेणी घालता येईना. बारीक ताप. तोंडात टाळूला फोड, पण दुखत नाहीत. कंगव्यात केसांचे पुंजके. एकाने टायफॉइड धरला, दुसऱ्याने चिकुनगुनिया, तिसऱ्याने 'वयात येताना होतं असं' म्हणून टॉनिक लिहून दिलं. घरात मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. सहा महिने असेच गेले. दिवाळीत पायावर सूज आली आणि लघवीला फेस यायला लागला, तेव्हा भुसावळच्या एका फिजिशियननी लघवी तपासली, एएनए नावाची रक्ताची तपासणी करून घेतली आणि आम्हाला रात्रीच्या गाडीने मुंबईला धाडलं. तिथे किडनीची बायॉप्सी झाली.

आजार काय आहे ते थोडक्यात सांगतो, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडगा चावल्यासारख्या दिसायच्या म्हणून जुन्या काळी हे नाव पडलं. मला मात्र लांडग्यापेक्षा राखणीचं कुत्रं आठवतं. मळ्यात चोर येऊ नये म्हणून पाळलेलं, आणि एक दिवस घरच्याच माणसांवर धावून जायला लागलेलं. सांधे, कातडी, किडनी, रक्त, कुठेही चावतं. मारून टाकता येत नाही, कारण राखण तर हवीच. साखळी बांधायची आणि साखळी कधी ढिली पडते त्यावर लक्ष ठेवायचं.

पण धागा आजारासाठी काढलेला नाही.

पहिल्या वर्षी घरी जो येईल तो म्हणायचा, "काय धीराची पोर आहे हो!" सुई टोचली तरी हूं की चूं नाही, मुंबईच्या ओपीडीत सहा तास बाकावर बसली तरी कुरकुर नाही. आम्हाला बरं वाटायचं. मीही चार लोकांत सांगायचो. अकरावीत असताना कळलं की पोरीने दोन महिने गोळ्याच घेतल्या नव्हत्या. स्टेरॉइडने चेहरा चंद्रासारखा गोल झाला होता, पिंपल आले होते, कॉलेज नवीन. मला वाटतं तेच कारण. गोळ्या बाथरूममध्ये टाकत होती आणि आम्हाला विचारलं की हसून 'घेतली' म्हणायची. आजार उसळला, लघवीतून प्रोटीन पुन्हा जायला लागलं, दहा दिवस ॲडमिट. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलणं केलं. नंतर मला एवढंच म्हणाले, "तिला घरात रडायला जागा आहे का?"

वाडा आठ खोल्यांचा आहे. उत्तर देता आलं नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. धीर हा पोरीकडे आहे आणि आपण फक्त शाबासकी द्यायची, अशी आमची समजूत होती. आता वाटतं, तिच्या आजूबाजूला जे काही बांधलेलं आहे त्यावर ती उभी राहते. ते ढिलं असेल तर कितीही गुणाची पोर असू द्या, खाली येणारच. केळीला घड आला की आपण बांबूचा टेकू देतो. झाडाला कोणी म्हणत नाही, तू धीराचं आहेस, वारा सोस.

तुमच्या घरी, शाळेत, शेजारात असं कोणी असेल तर काय उपयोगी पडलं, काय नाही, ते सांगा. मोठे उपदेश नकोत. बारीकसारीकच सांगा.

---

पांझराकाठ

दादा, मी धुळ्याची, आता पुण्यात नोकरी करते. वय २३. मला सतराव्या वर्षी निदान झालं. तुमचं केळीच्या टेकूचं वाचून थांबले थोडी.

बारीकसारीक विचारलंत म्हणून सांगते. उन्हाने हा आजार उसळतो, म्हणून लोकांना वाटतं ल्युपसवाल्या मुलीला खानदेशात उन्हाळा सगळ्यात कठीण जात असेल. मला उन्हाळा सोपा जायचा! एप्रिल-मेमध्ये धुळ्यात प्रत्येक मुलगी स्कार्फ, गॉगल, हातमोजे, सनकोट घालून स्कूटीवर फिरते, डोळेसुद्धा दिसत नाहीत. त्या गर्दीत मी कोणीच नव्हते. अवघड असायचा डिसेंबर. सगळ्या पोरी कोवळ्या उन्हात शेंगा खात बसायच्या आणि मी एकटी तोंड गुंडाळून सावलीत. तेव्हा लोक विचारायचे. ऊन कोवळं असलं तरी अतिनील किरण असतातच, हे किती जणांना समजावणार?

माझी एक मैत्रीण होती, ती काही न बोलता माझ्यासोबत सावलीत येऊन बसायची. 'बिचारी' वगैरे नाही, नुसती बसायची आणि माझ्या वाटच्या शेंगा खायची. तीन वर्षं. मला उभं कोणी ठेवलं असं विचारलंत तर डॉक्टरांच्या आधी तिचं नाव घेईन.

आणि २०२० चा मार्च. करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालते अशी हवा झाली आणि आमची रोजची गोळी मेडिकलमधून गायब. ज्यांना गरज नव्हती त्यांनी घरात पाकिटं साठवली. माझ्याकडे अकरा गोळ्या उरल्या होत्या. लॉकडाउनमध्ये काकांनी साक्री, शिरपूर, दोंडाईचा, सगळीकडच्या ओळखीच्या मेडिकलवाल्यांना फोन लावले. शेवटी दूधवाल्या गाडीतून चार पट्ट्या आल्या. नंतर मोठ्या चाचण्यांमध्ये निघालं काय, तर करोनाला तिचा उपयोगच नाही. आजही मी महिनाभराच्या जास्तीच्या गोळ्या घरात ठेवते. आई हसते, पण मला नाही हसू येत.

---

खडू_फळा

मी अमळनेरच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेत नववीत ल्युपस असलेली मुलगी होती. इथे कबुली द्यायची आहे.

स्नेहसंमेलनात मी तिला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. 'आजाराशी झुंजणारी आपली धैर्यवान विद्यार्थिनी' असं माइकवर बोलले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून ती आठवडाभर शाळेत आली नाही. आईला विचारलं तर म्हणाली, बाई, वर्गातल्या निम्म्या पोरींना ठाऊकच नव्हतं, आता बाटलीतलं पाणीसुद्धा कोणी पीत नाही तिच्या. ल्युपस संसर्गाने पसरत नाही हे मला माहीत होतं, पण त्या माइकवरून नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं.

त्यानंतर जे केलं ते न बोलता केलं. तिचा बाक खिडकीपासून आतल्या भिंतीला हलवला. साध्या काचेतून अतिनील किरणांचा एक भाग आत येतो, हे मला तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून कळलं. परिपाठ मैदानावर व्हायचा, तो आठवड्यातून तीन दिवस वऱ्हांड्यात घेतला, सगळ्याच वर्गाचा, म्हणजे ती एकटी वेगळी पडायला नको. खेळाच्या तासाला गुण नोंदवायचं काम. स्टेरॉइडने भूक फार लागते, म्हणून दुसऱ्या तासानंतर डबा खायची मुभा. आणि दोन पुस्तकसंच: एक घरी, एक शाळेत. दप्तराचं ओझं उचलताना तिची मनगटं सुजायची. दुसरा संच आधीच्या बॅचच्या मुलीने दिला, एक रुपया लागला नाही.

यातलं एकही काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते सहकाऱ्यांना पटवणं. "काल तर नाचत होती, आज हिला जिना चढवत नाही?" हे वाक्य शिक्षकखोलीत मी किमान दहा वेळा ऐकलं. हो, ल्युपस असाच असतो. काल नाचते आणि आज जिना चढवत नाही.

---

निसर्गमित्र

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून लिहितो. ॲलोपथी आजार दाबते, मुळापासून काढत नाही. प्रतिकारशक्ती कमी असल्यानेच असे आजार होतात. गुळवेलीचा काढा रोज सकाळी, सोबत लसूणघासाची पावडर (अल्फाल्फा म्हणून गोळ्याही मिळतात) सहा महिने घ्या. आमच्या ओळखीत एकीच्या सगळ्या गोळ्या सुटल्या.

---

स्टेथो_भुसावळ

निसर्गमित्र, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा प्रतिसाद वाचून कोणी तसं केलं तर महागात पडेल, म्हणून स्पष्ट लिहितो.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भरकटलेली असते. धागाकर्त्यांचं कुत्र्याचं उदाहरण अगदी बरोबर आहे. पिसाळलेल्या कुत्र्याला तुम्ही खुराक वाढवायला सांगताय. लसूणघास गुरांना खुशाल घाला. पण अल्फाल्फाचे मोड आणि गोळ्या ल्युपसच्या रुग्णांनी टाळाव्यात असं स्पष्ट सांगितलं जातं, त्यातल्या एका घटकाने आजार उसळल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले आहेत. आणि 'गोळ्या सुटल्या' याबद्दल: बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार व्हायला वेळ लागतो आणि जीवावर बेतू शकतं. कमी करायचं ते पायरीपायरीने, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

आता बाकीच्यांसाठी. दहा रुग्णांत नऊ बायका असतात, बहुतेकींना पंधरा ते पंचेचाळीस या वयात सुरू होतो. लहान वयात सुरू झालेला ल्युपस मोठ्यांपेक्षा जोरकस असतो आणि किडनी जास्त वेळा पकडतो. म्हणून लघवीची तपासणी चुकवू नका, किडनी दुखत नाही, ती गुपचूप बिघडते. उलट बाजूही सांगतो: नुसती एएनए पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस नव्हे. कित्येक धडधाकट माणसांची येते. लक्षणं, डीएसडीएनए आणि सी३-सी४ या रक्ताच्या तपासण्या, लघवी हे सगळं मिळून निदान होतं. हल्ली पॅकेज तपासण्यांमध्ये एएनए घुसवतात आणि घाबरलेले लोक फाइल घेऊन येतात, त्यांचा वेगळा धागा काढावा लागेल.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही या आजारातली जुनी आणि भरवशाची गोळी, १९५० च्या दशकापासून वापरात आहे. स्वस्त आहे, म्हणून लोकांना ती किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही. डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनीचा त्रास असेल तर त्याआधीपासूनच.

१९५० च्या दशकात या आजाराचे निम्मे रुग्णही पाच वर्षं काढत नसत. आज उपचार नीट मिळतात तिथे पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात असतात. पुढचा प्रश्न त्यामुळेच उभा राहतो. चौदा वर्षांच्या मुलीला आपण साठ वर्षं औषध घ्यायला सांगतोय. नुसत्या धीरावर साठ वर्षं निघत नाहीत.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या मुलांत उदासी आणि चिंता बरीच आढळते. काही वेळा ती आजाराचीच असते, काही वेळा स्टेरॉइडची, काही वेळा साध्या आयुष्याची. सगळे रिपोर्ट नॉर्मल असतानाही थकवा खरा असू शकतो. 'रिपोर्ट चांगले आहेत, आता काय झोपून राहतेस' हे वाक्य घरात बोलू नका.

---

दादरनी_भाकर

भो, मन्ही भाचीले बी हाऊच रोग शे. मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घरी श्रावणात कानबाई (आमच्याकडची देवी) बसते. रोट, गाणी, रातभर जागरण. सोमवारी सकाळी मिरवणूक. भाची लहानपणापासून म्हणे, मी मोठी झाली की कानबाई डोक्यावर घेईन. आजार झाला आणि सगळे म्हनतस, नको माय, ऊन लागी, जागरण व्हई, तू नुसती पाय (बघ). पोर काही बोलली नाही. पण त्या वर्षी जेवली बी नाही.

पुढच्या वर्षी माझ्या सासूने रीत मोडली. म्हणे, देवीले काय घड्याळ शे का? ऊन तापायच्या आत, पहाटेच कानबाई उठवली. भाचीने मारुतीच्या पारापर्यंत डोक्यावर नेली, तिथून पुढे माझ्या सुनेने. जागरणाला ती दहा वाजता झोपली, कोणी उठवलं नाही. गावात दोन बाया बोलल्या, लवकर कसं काय म्हणून. बोलू द्या.

बाकी डॉक्टरसाहेब बोलले ते माले समजनं नाही समजनं, पण गोळीचं समजनं.

---

शहादेकर

दहातल्या नऊ बायका म्हणालात. दहावा मी.

वय १९. मला कोणी 'धीराचा पोर' म्हटलं नाही. मला म्हणायचे, "बायकांचा रोग तुला कसा झाला?" एका नातेवाइकाने तर लग्नाच्या मांडवात विचारलं. मुलगा असून सनस्क्रीन लावतो, छत्री घेऊन कॉलेजला जातो, यावर वर्षभर नावं ठेवून घेतली. एसपीएफ ५० ची ट्यूब मी आधी टूथपेस्टच्या खोक्यात लपवायचो.

क्रिकेट सुटलं तेव्हा सगळ्यात वाईट वाटलं. सीझन बॉल, दुपारचे सामने, सगळं संपलं. मग गावात टर्फ झालं, रात्री दिव्याखाली खेळायला लागलो. सांधे बरे असतील त्या दिवशी दोन ओव्हर टाकतो. बरे नसतील तर स्कोअर लिहितो आणि अंपायरिंगला शिव्या देतो. टीमने एक नियम केलाय: मी 'आज नाही' म्हटलं की कोणी 'का' विचारायचं नाही. एवढ्या एका नियमावर माझी गाडी चालू आहे.

मनाने खचलो होतो का? हो. सहा महिने. घरच्यांना अजून माहीत नाही, आणि इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितोय.

---

पांझराकाठ

शहादेकर, लिहिलंस ते बरं केलंस. अजून तसं वाटत असेल तर डॉक्टरांना सांधेदुखीइतकंच सरळ सांग. मी सांगितलं होतं. समुपदेशनाच्या आठ-दहा बैठका झाल्या, एक गोळी वर्षभर घेतली. आभाळ कोसळलं नाही.

आणि सेलेना गोमेझ! तिने २०१५ मध्ये स्वतःहून सांगितलं ल्युपस आहे म्हणून, २०१७ मध्ये मैत्रिणीने तिला किडनी दिली. तेव्हा मी नुकती निदान झालेली. माझ्या खोलीत तिचा फोटो होता. आता वाटतं की तिच्याकडे बघून धीर यायचा तो तिच्या गाण्यांमुळे नव्हे. ती मध्येच काम थांबवून 'मला बरं नाही' म्हणायची, त्यामुळे यायचा.

---

दादरनी_भाकर

कोन व ही शेलेना? आपली खान्देशनी शे का?

---

पांझराकाठ

नाही मावशी, अमेरिकेची. पण मैत्रीण किडनी देते म्हणजे आपल्यातलीच समजा.

---

सातपुडा_वारा

नंदुरबार जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून वीस वर्षं काढली, बरीचशी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर. दोन गोष्टी.

आमच्याकडे तरुण मुलीचे सांधे दुखले, अंगात रक्त कमी असलं की पहिला विचार सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) येतो, आणि यायलाच हवा, सातपुड्यात तो आहेच. पण सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह आली की पुष्कळदा फाइल तिथेच मिटते. दुसरं, दोन्ही गाल आणि नाकावर फुलपाखराच्या आकाराचा चट्टा येतो, ते फुलपाखरू पुस्तकात लाल दाखवतात. सावळ्या कातडीवर ते लाल दिसत नाही. काळपट, जांभळट दिसतं, वांग आल्यासारखं. आम्हीच ते ओळखायला उशिरा शिकलो. गालावर असं काही आणि नाकाच्या बाजूच्या घडीत मात्र स्वच्छ कातडी, सोबत ताप आणि सांधे, असं दिसलं तर लघवी तपासून घ्या. पट्टीची तपासणी पाड्यावरही होते.

कागदोपत्री सवलतींचं एक सांगते, कारण पालक विचारतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल त्यात आहे, ल्युपस नावाने नाही. आजाराने सांधे, डोळे, मेंदू यांना कायमचं नुकसान झालं असेल तर त्या त्या प्रकाराखाली बघता येतं. एरवी शाळेशी, कॉलेजशी डॉक्टरांचं पत्र घेऊन बोलावं लागतं आणि समोरचा माणूस कसा आहे त्यावर सगळं अवलंबून. हे बरोबर नाही, पण आज तरी असंच आहे.

---

केळीबागवाला

सगळ्यांचे आभार. खडू_फळा बाई, दोन पुस्तकसंचांचं आम्हाला तीन वर्षांत सुचलं नाही. उद्याच करतो. आज्जीच्या पहाटेच्या कानबाईचं घरात वाचून दाखवलं, आई डोळे पुसत होती.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. लग्नाचं. पाहुण्यांकडून आत्ताच विचारणा सुरू झाली आहे. लपवू नये हे मला कळतं. पण पुढे मूलबाळ?

---

स्टेथो_भुसावळ

सतराव्या वर्षी लग्नाची विचारणा करणाऱ्यांना आधी कायद्याचं वय सांगा.

मुलं होऊ शकतात. आजार किमान सहा महिने शांत असावा, किडनी नीट असावी आणि गरोदरपण ठरवून असावं. मायकोफेनोलेटसारखी काही औषधं गर्भाला घातक असतात, ती आधीच बदलावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात. हे सगळं तिला स्वतःला माहीत असायला हवं, पाहुण्यांच्या आधी. आणि तिच्या डॉक्टरांशी ती एकटी बोलायला लागली असेल तर ते चालू ठेवा. अठराव्या वर्षी मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना पुष्कळ मुलं मध्येच गळतात. तोपर्यंत सगळं आईवडीलच बोलत आलेले असतात आणि पोराला स्वतःचा डोस माहीत नसतो.

---

बेंच_नंबर_३

पप्पा, मी आहे. नवीन खातं काढलंय. आईने दाखवला धागा.

तुम्ही लिहिलंय की गोळ्या चेहऱ्यामुळे टाकल्या. चेहऱ्याचं वाईट वाटायचं, खोटं नाही. आरशावर मी टॉवेल टाकायचे ते तुम्ही पाहिलंय. पण कारण ते नव्हतं. रोज सकाळी मी गोळी तोंडात टाकेपर्यंत आई पोळी लाटायची थांबायची. तुम्ही पाण्याची मोटार चालू करायला जाताना दारात रेंगाळायचे. आजी माळ ओढायची थांबायची. मी गिळली की सगळं घर परत चालू व्हायचं. मला एक दिवस असा हवा होता की माझ्या गोळीकडे कोणी बघत नाहीये. म्हणून मी म्हणायला लागले 'घेतली, आधीच घेतली'. पहिले दोन-तीन दिवस खरंच घेत होते. मग एक दिवस राहिली, कोणाला कळलं नाही, काही झालंही नाही. मग राहतच गेली.

चूक माझी होती. दहा दिवस सलाईनवर पडल्यावर तेवढं कळलं. पण 'धीराची' असण्याचा कंटाळा आला होता हे तुम्ही बरोबर लिहिलंय. धीराच्या मुलीला गोळी विसरताच येत नाही.

आता काय चालतं ते सांगते, कोणाच्या कामी येईल. आठ दिवसांचा गोळ्यांचा डबा माझ्या खोलीत असतो, रविवारी मी भरते. मोबाइलवर गजर आहे, त्याला मी खूप वाईट गाणं लावलंय. चिनू (आत्याची मुलगी, तिला विचारून लिहितेय) रात्री फक्त एक टिंब पाठवते. घेतली असेल तर मी टिंब परत पाठवते. बस. आई विचारत नाही. विचारायचं नाही असं तिने स्वतः ठरवलंय आणि तिला ते फार जड जातं, मला दिसतं.

शहादेकर, तुझा 'का' न विचारण्याचा नियम मी वर्गात लावणार आहे.

मावशी, मलाही कानबाई डोक्यावर घ्यायची आहे.

आणि पप्पा, पुढच्या फेरीला डॉक्टरांच्या खोलीत मी एकटी जाणार. माझ्या गोळ्यांची नावं आणि डोस मला पाठ आहेत, तुम्हाला नाहीत, गेल्या वेळी तुम्ही ॲझाथायोप्रिनला ॲझिथ्रोमायसिन म्हणालात, ते तर अँटिबायोटिक आहे.

---

दादरनी_भाकर

ये वं बाई श्रावणमा. पहाटे उठनं पडी पन.

---

केळीबागवाला

वाचलं.

मोटार चालू करताना मी दारात रेंगाळतो हे मला माहीतच नव्हतं.

एकटी जा आत. मी बाहेर बाकावर बसतो. भुसावळहून रात्रीच्या गाडीची तीन तिकिटं काढून ठेवली आहेत, तिसरं आईचं होतं. ती म्हणते ते चिनूच्या नावाने बदल. आता ते बदलून मिळतं की रद्द करून नवीन काढावं लागतं, कोणाला माहीत असेल तर सांगा. वेटिंग चाळीसच्या पुढे गेलंय.

---

शहादेकर

काका, तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं, पण फक्त आईवडील, भावंडं, मुलं आणि नवरा-बायको यांच्या. आतेबहीण त्यात बसत नाही. चिनूसाठी तत्काळ बघा, आदल्या दिवशी सकाळी. एसीची दहाला उघडते, स्लीपरची अकराला. मोबाइल हातात घेऊन बसा.

---

बेंच_नंबर_३

पप्पांचा मोबाइल नको. मी काढते.